आतल्या काठाचा टाका

शनिवार पेठ, पुणे
११ नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरी,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात ते लिहून शाई घालवत नाही.

सोबत झबलं आहे. घाबरू नकोस, आणि आमोदलाही घाबरवू नकोस. तुझ्या मामेबहिणीने, स्पृहाने, दिवाळीची आवराआवर केली आणि "कपाटात जागा नाही" म्हणून ते माझ्याकडे धाडून दिलं. तळहातावर मावेल एवढंसं झबलं, त्याला जागा नाही. तिच्या मुलाला मिसरूड फुटायला आलं तरी ते तिच्याकडेच पडून होतं, कारण नंतर कोणी मागितलंच नाही.

तुझी आई तुला हे सगळं सांगून गेली की नाही, मला माहीत नाही. म्हणून मी सांगते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत, जुनं घालतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं. हे आमच्या आजोबांच्या धोतराचं आहे. ज्या घरी शेवटचं बाळ झालं त्या घरी ते राहतं आणि पुढची मागेल तेव्हा तिच्याकडे जातं. बारशापर्यंत वापरायचं, मग आईने स्वतःच्या हाताने आतल्या काठाला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायचा. झालं. पूजा नाही, मंत्र नाही. उलटून बघ. लाल माझा, म्हणजे सलिलचा. जांभळा स्पृहाचा. हिरवे दोन तुझ्या आईचे. एक तुझा, आणि एक तुझ्या भावाचा, जो चार महिनेच होता. तो राहिला नाही, टाका राहिला. घातलेला टाका उसवायचा नसतो, एवढा एकच काय तो नियम.

आमचे चिरंजीव म्युनिकला बायको आणि एक कुत्रा असा संसार करून आहेत. कुत्र्याला झबलं घालतात का, हे विचारण्याचं धाडस मी केलं नाही. तेव्हा मागणारी तू एकटीच उरलीस. तू मागितलेलं नाहीस हे मला कळतं. पण मी गेल्यावर सलिल चार दिवसांची रजा काढून येईल आणि सगळं भंगारात देऊन जाईल, त्यापेक्षा तुझ्याकडे असलेलं बरं.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावलं की मला फक्त शिट्टी ऐकू येते. लिही.

श्यामलमावशी


वाकड
२१ नोव्हेंबर २०२४

श्यामलमावशी,

झबलं मिळालं. पाकीट आमोदने उघडलं. तो थोडा वेळ ते हातात धरून उभा होता, मग माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलं आणि मीटिंगला बसला. तो घरूनच काम करतो. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर मला ओरडावं लागेल आणि त्याच्या मीटिंगमधल्या लोकांनाही सगळं कळेल. पत्रच बरं.

सरळ लिहिते. मूल नको असं आम्ही ठरवलंय. दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं की "बघू" म्हणायचं आणि विषय संपतो. तुला "बघू" चालणार नाही.

मी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. सकाळी खडकीतलं एक कॉलेज, दुपारी स्वारगेटजवळचं दुसरं. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. आजारी पडलं की तास नाही, परीक्षा सुरू झाल्या की तास नाही. बाळंतपणाची रजा हे शब्द आमच्या नेमणुकीच्या कागदावर नाहीत. तो कागदही दर वर्षी नवा मिळतो, मिळाला तर. आमच्यातल्या एकीने मागच्या वर्षी सातव्या महिन्यात काम थांबवलं. तिच्या जागी आलेली मुलगी अजून तिथेच आहे, आणि ती घरी. मी छत्तीसची आहे. आमोदच्या कंपनीत दर थोड्या दिवसांनी माणसं कमी करतात, घराचा हप्ता कमी होत नाही. सासूबाई सांगलीला, सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना तिथून हलता येत नाही. आई नाही.

गंमत म्हणजे मी वर्गात हेच शिकवते. दुसऱ्या वर्षाला लोकसंख्या भूगोल. जननदर का घटतो? मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, शहरातली लहान घरं, बायकांच्या नोकऱ्या, मूल वाढवण्याचा खर्च, सांभाळायला माणूस नसणं. मी फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात. कोणी वर बघत नाही. मीही मागे वळून बघत नाही.

वाईट वाटतं का विचारशील. नाही वाटत. खरं तर काहीच वाटत नाही. झबलं परत पाठवू का?

वल्लरी


शनिवार पेठ
३० नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरी,

पत्र पोचलं. ठरवलंत ते उत्तम केलंत. आमच्या वेळी हे ठरवण्याची पद्धत नव्हती. लग्नाला वर्ष झालं की शेजारणी आधी पोटाकडे बघायच्या, मग तोंडाकडे.

तुझ्या फळ्यासाठी थोडी माहिती देते. माझ्या आजीला नऊ झाली, आईला पाच, मला एक. म्हणजे उतरण तुझ्या पुस्तकाच्या आधीपासूनच लागली होती. मी एकावर थांबले तेव्हा आमच्या सासूबाई वर्षभर माझ्याशी फक्त स्वयंपाकातलं बोलत होत्या. मी बँकेत होते, मला बढती हवी होती, हे कारण घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. तब्येतीचं कारण सांगितलं. बाईने तब्येतीचं कारण सांगितलं की पुण्यात कोणी पुढे विचारत नाही.

तेव्हा मला तुझं कळतं. आवडलं नाही, पण कळतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यातलं सोयीचं तेवढं धरून बसू नकोस.

झबलं राहू दे तिथेच. पुस्तकांत जागा आहे ना, खात-पीत तर नाही ते.

श्यामलमावशी


वाकड
१४ डिसेंबर २०२४

श्यामलमावशी,

एक बातमी आहे. कायमच्या जागेसाठी अर्ज केला होता, त्याची मुलाखत जानेवारीत आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बोलावणं आलंय. आमच्यातल्या एक बाई मागे अशा मुलाखतीला गेल्या होत्या. पॅनेलमधल्या एका सरांनी हसत हसत विचारलं, "मॅडम, घरी काही नवीन बेत नाहीत ना?" सगळे हसले, त्याही हसल्या. मी अभ्यास करतेय. करतेय म्हणजे पुस्तक उघडून बसतेय.

तब्येत जरा बरी नाही. चहाचा वास नको होतो. परवा खडकीला बसमधून मधेच उतरावं लागलं, कंडक्टरच मागून "सांभाळून, ताई" म्हणाला. कॉलेजात सांगितलं, ऍसिडिटी आहे. तुलाही तेच सांगते.

दुसरं एक विचारायचं होतं. सलिल लहान असताना तू बँकेत जायचीस, तेव्हा त्याला कोण सांभाळायचं? अख्खा दिवस? कुरकुर व्हायची का? आणि तुझे गुडघे आता कसे आहेत?

आमच्याकडे एक खोली तशी रिकामीच असते. आम्ही तिला अभ्यासाची म्हणतो, पण तिथे इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. सकाळी छान ऊन येतं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बाकं आहेत. तू इथे येऊन राहशील का? थोडे दिवस नाही, जरा जास्त. वर्षभर म्हण. मनात आलं म्हणून विचारतेय. नाही म्हणालीस तरी चालेल, फक्त लवकर कळव.

वल्लरी


शनिवार पेठ
१९ डिसेंबर २०२४

चि. वल्लरी,

लवकर कळव म्हणालीस, म्हणून आधी उत्तर: नाही.

सलिलने तुला लिहिलं ना? गेल्या महिन्यात त्याने मला "तू एकटी कशी राहतेस" म्हणून कळवळून विचारलं, आणि लगेच तुझ्या पत्रात लिफ्ट, बाग आणि बाकं आली. मला वाकडला नेऊन बाकावर बसवायचा कट दोघांनी मिळून केलेला दिसतो. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. मावशी जगली ही तिची चूक नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून तिला इस्त्रीच्या कपड्यांबरोबर ठेवायचं कारण नाही. मला इथे दूधवाला आहे, वाचनालय आहे, आणि भांडायला खालचे बिऱ्हाडकरू आहेत. ज्या दिवशी हे पुरेनासं होईल त्या दिवशी मी स्वतः कळवीन. गुडघ्यांची चौकशी केलीस, आभारी आहे. दोन आहेत, दोन्ही दुखतात.

सलिलला माझ्या सासूबाई सांभाळायच्या, आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की शेजारच्या यमुनाबाई. कुरकुर व्हायची का, ते मी कधी विचारलं नाही. "हो" म्हणाल्या असत्या तर नोकरी सोडावी लागली असती. त्या दोघी नसत्या तर सलिल झालाच नसता, एवढं मात्र खरं. एकटीने मूल वाढवायचं म्हणजे नसती उठाठेव. तुम्ही नाही म्हणालात तेच शहाणपणाचं.

मुलाखतीला सुती साडी नेस, बोलताना हात कमी हलव. आणि ऍसिडिटीला कॅन्टीनचे वडे जबाबदार आहेत, आमोद नव्हे. जेवणानंतर आवळासुपारी चघळत जा.

श्यामलमावशी


वाकड
२७ जानेवारी २०२५

श्यामलमावशी,

उत्तराला उशीर झाला.

सलिलने मला काही लिहिलं नव्हतं. पण ते आता राहू दे.

झबलं परत पाठवतेय. वापरलेलं नाही, नुसतं धुतलंय. इथे कपाटात सारखं दिसतं. पुस्तक काढायला गेलं की हाताशी येतं. तुझ्याकडेच बरं राहील.

मुलाखती पुढे ढकलल्या. आदल्या दिवशी फोन आला, पुढची तारीख कळवू म्हणाले. सुती साडी इस्त्री करून ठेवली होती, ती परत घडी घालून ठेवली.

सध्या पेपर तपासतेय. "जननदर कमी होण्याची सामाजिक व आर्थिक कारणे स्पष्ट करा", गुण दहा. प्रश्न मीच काढला होता, ऑक्टोबरमध्ये. मुलांनी फळ्यावरचं जसंच्या तसं लिहिलंय. सलोनी नावाची एक मुलगी आहे, मागच्या बाकावर बसते. तिने सगळी कारणं लिहून शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलंय: "काही वेळा मूल हवे असते, परंतु विचारायला कोणी नसते." तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी तिला सात दिले. तीन कुठे कापले ते आठवत नाही.

तब्येत बरी आहे. चहा पुन्हा सुरू केला.

वल्लरी


शनिवार पेठ
३ मार्च २०२५

वल्लरी,

तुझं पाकीट फेब्रुवारीत आलं. वर तुझं पत्र होतं ते वाचलं, आत झबलं होतं ते बघितलंही नाही. मला राग आला होता. परत पाठवू नकोस म्हटलेलं असताना पाठवलंस, म्हणून पाकिटासकट ट्रंकेत टाकलं आणि उत्तरही लिहिलं नाही.

आज लोकरीचे कपडे आणि शाली उन्हात घालायला ट्रंक उघडली. म्हटलं, झबल्यालाही ऊन दाखवावं. घडी मोडून सारखं करताना आतल्या काठाला बोट लागलं. चष्मा लावून उजेडात धरलं. माझा लाल आहे, स्पृहाचा जांभळा आहे, तुझ्या आईचे हिरवे आहेत, पलीकडे जुन्यांचे विटलेले आहेत. आणि हिरव्या दोघांच्या शेजारी एक पांढरा आहे. पांढऱ्यावर पांढरा टाका आमच्यात कोणी घातलेला नाही. दोरा नवा आहे.

मी खुर्चीत बसले आणि तुझी पत्रं काढली. डिसेंबरचं पुन्हा वाचलं. चहाचा वास. बस. सलिलला कोण सांभाळायचं. वर्षभर येशील का. लवकर कळव.

वल्लरी, हा टाका तुझा आहे का?

फोन कर म्हटलं असतं, पण मला नीट ऐकू येणार नाही, आणि या वेळी एकही शब्द चुकीचा ऐकायची माझी तयारी नाही. लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

मावशी


वाकड
९ मार्च २०२५

मावशी,

हो, माझा आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. नको असं ठरलेलं होतं, तरी राहिलं. कळल्यावर मला वाटलं होतं की घाबरायला होईल, पण मी खोलीची मापं घेत बसले. पाळणा कुठे बसेल, इस्त्रीचे कपडे कुठे जातील. आमोदला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "तू ठरव, मी तुझ्यासोबत आहे." चांगलंच बोलला. पण ठरवायचं मला एकटीलाच होतं. सोबत असणं आणि सांभाळायला असणं यात फरक आहे, आणि सांभाळायला त्याची मीटिंग सुटत नव्हती, माझा तास सुटत नव्हता.

मग तुला विचारलं. नीट विचारलं नाही. सरळ लिहिलं असतं की मला दिवस गेलेत आणि मला भीती वाटते, तर तू काय लिहिलं असतंस मला माहीत नाही. पण तसं लिहिलं आणि तू आलीस, तर ते मूल तुझ्या गुडघ्यांवर वाढणार, हे मला दिसत होतं. म्हणून बाग आणि बाकं लिहिली. तू नाही म्हणालीस त्यात तुझी चूक नाही. फक्त तुझं उत्तर आलं त्याच दिवशी मी दवाखान्यात नाव नोंदवलं. तुझ्या पत्रामुळे नाही. पत्र आल्यावर आता कोणाची वाट बघायची राहिली नव्हती, म्हणून.

सगळं व्यवस्थित झालं. डॉक्टर बाई चांगल्या होत्या. दोन दिवसांनी तास होते, ते घेतले. निर्णय चुकला असं मला वाटत नाही. पुन्हा तीच परिस्थिती आली तर मी बहुतेक तेच करीन. पण तेव्हापासून सगळं जरा लांबून ऐकू आल्यासारखं येतं. मुलं प्रश्न विचारतात, मी उत्तर देते, आणि नंतर आठवत नाही काय दिलं. रडू आलेलं नाही. आमोद एकदा रडला, बाथरूममध्ये नळ सोडून. मी बाहेर उभी राहून नळ बंद व्हायची वाट बघितली.

टाका का घातला ते सांगता येत नाही. झबलं पाठवायला काढलं, धुतलं, वाळलं. आणि मग सुईत दोरा ओवलेला होता. नियमाप्रमाणे तो चुकीचाच आहे. कोणी घातलंच नाही ते. पांढरा घेतला म्हणजे दिसणार नाही असं वाटलं होतं. तुला हवं तर उसव.

वल्लरी


शनिवार पेठ
१४ मार्च २०२५

वल्लरी,

उसवणार नाही. माझ्यानंतर ज्या कोणाच्या हाती हे झबलं जाईल तिलाही मी लिहून ठेवलं आहे, की पांढरा टाका माझ्या भाचीचा आहे आणि तो मोजायचा.

मला फार वाईट वाटतं आहे. हे वाक्य मी आयुष्यात क्वचितच लिहिलं असेल. तू केलंस त्याचं नाही. ते तुझं होतं आणि तू विचार करून केलंस. वाईट याचं वाटतं की तू मला विचारलंस आणि मी कोटी केली. तू खरं विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. गुडघे खरंच गेलेत, आणि तान्ह्या मुलाला उचलायची मला भीती वाटते. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण ते "नाही" मी रात्रभर जागून म्हटलं असतं. तुझ्या वाट्याला आलं ते माझ्या तोऱ्याचं "नाही". ते तुला मिळायला नको होतं.

आता नीट ऐक. बाळंतपण बाळाचं करत नाहीत, बाईचं करतात. पोट रिकामं झालं की बाईला खायला घालतात, निजवतात, अंग चोळून देतात, मग मांडीवर कोणी असो वा नसो. तुझा भाऊ गेला तेव्हा मी तुझ्या आईकडे तीन आठवडे राहिले होते. ती बोलायची नाही. मी तिला ताटावर बसवायचे आणि ती जेवायची. मला त्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि आजही येत नाही. तू मात्र दोन दिवसांनी उभी राहून तास घेतलेस आणि तुला कोणी पेजसुद्धा दिली नाही.

म्हणून डिंकाचे लाडू केले आहेत. डिंक मीच तळला, खोबरं मीच किसलं. मार्च महिन्यात डिंक खात नाहीत, उष्ण पडतो, हे मला माहीत आहे. दिवसाआड एक खा आणि वर दूध पी. एक आमोदला दे. नळ सोडून रडणाऱ्या माणसालाही भूक लागते.

मी स्वतःच रिक्षा करून येणार होते, पण मी एकदा नाही म्हटलं आहे, तेव्हा आता बोलावल्याशिवाय येणार नाही. शनिवारी येऊ का ते कळव. वर्षभर नाही, दोन दिवस. इस्त्रीचे कपडे हलवू नकोस, मी बाजूला सरकवून निजेन. बोलायची सक्ती नाही. मला तसंही ऐकू येत नाही.

डबा स्टीलचा आहे, झाकण घट्ट बसतं, आमोदकडून उघडून घे. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तू रिकामाच दे. मला चालेल.

मावशी